बादलीवाली आजी

"रेड फ्लॅग म्हणजे माणसाचं असं लक्षण, की ते दिसलं रे दिसलं की समजायचं, ह्याच्या नादी लागायचं नाही," माझी सून दिपाली मोबाईल स्टँडवर बसवता बसवता म्हणाली.

"लाल झेंडा व्हय?" मथुराबाईनं पिठाचा हात तसाच हवेत धरला. "आगं, आमच्या टायमाला लाल झेंडा दिसला की समजायचं, गिरनीत संप लागला, आता नवरा दिवसभर घरात बसनार. आमीबी लई घाबरायचो त्याला."

तव्यापाशी बसलेली नागव्वा इतकी हसली की भाकरी उलटायची राहिली आणि शेडभर करपट वास सुटला. मी ओरडले. ओरडणं हे माझं कामच आहे.

भवानी पेठेत, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तिघी कडक भाकरी करतो. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर तिच्यातलं पाणी पार जाईपर्यंत वाळवायची. ती महिना-महिना टिकते, पुण्या-मुंबईला जाते. धंदा माझा, श्रीदेवीचा, पण मालकीण म्हणून मला इथं कुणी भीक घालत नाही. मथुराबाई माझी शाळेपासूनची मैत्रीण, तोंडानं फाटकी आणि मनानं साधी. नागव्वा अक्कलकोटकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, लग्न होऊन सोलापुरात आलेली. तिचा नवरा धुळाप्पा मार्केट यार्डात हमाली करतो. हात भाकरीवर आणि तोंड अख्ख्या जगावर, असा आमचा कारभार कित्येक वर्षं सुखानं चालला होता.

दिपाली लग्न होऊन आली आणि तिनं त्यात कॅमेरा घातला. ती सात रस्त्याला एका ऑफिसात जाते. जायच्या आधी थोडा वेळ आमच्यात बसायची, एखादा विषय टाकायची, आम्ही भांडायचो आणि ती शूट करायची. मग त्याची रील व्हायची. मला रीलचा राग होता, अजूनही आहे. पण खोटं कशाला बोलू, भांडायला मजा यायची.

आमचं मत नाही असा विषयच नव्हता. सोलापूरचं विमान सुरू झालं तेव्हा मथुराबाई म्हणाली, "नळाला पानी चार-पाच दिसांनी, आन् विमान मातुर उडतंय. येताना त्यातनं दोन घागरी पानी तरी आना म्हनावं." निवडणुका आल्या, सकाळी ह्या पक्षात असलेला माणूस दुपारी त्या पक्षात दिसायला लागला, तेव्हा नागव्वानं विचारलं, "दिपाली, ह्याला ब्रेकप म्हनायचं का प्याचप?" दिपालीनं 'सिच्युएशनशिप' म्हणजे काय ते समजावून सांगितलं, की दोघांत नातं असतं, पण त्याला नाव नसतं, पुढचं काही ठरलेलं नसतं. मथुराबाई म्हणाली, "मग आमचं इतकी वर्सं तेच चाललंय की. मानूस हाय बी आन् न्हाय बी." तिचा नवरा बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसला होता. त्यानं मान वर करून पाहिलं आणि परत पेपरात घातली. दिपालीनं तेही शूट केलं.

पण तिघींत नागव्वासारखं बोलणं कुणाला जमायचं नाही. मथुराबाई हसवायला बोलायची. नागव्वा बोलायची आणि लोक हसायचे. शिवाय हसवता हसवता मध्येच ती काहीतरी वेगळंच सांगून जायची. विषय असायचा ऑनलाईन लग्न जमवण्याचा आणि ही म्हणायची, "कच्च्या शेंगा खाऊ नगा गं, पित्त हुतंय." नाहीतर, "केस वलं ठिवून झोपू नगा, मान धरती." लोकांना वाटायचं, मावशी टिप्स देतायत. खाली लोक हात जोडलेली चित्रं टाकायचे.

त्या टिप्स लोकांसाठी नव्हत्या. कच्च्या शेंगा खाऊन पित्त व्हायचं ते पिंकीला. ओल्या केसांनी झोपायची ती पिंकी.

पिंकी नागव्वाची एकुलती एक लेक. इथंच कॉलेजात असताना तिचं नातेपुत्याच्या पृथ्वीराजशी जुळलं आणि तिनं त्याच्याशी लग्न केलं. मुलगा चांगला, घरचं खतांचं दुकान, पण जातीबाहेरचा. धुळाप्पानं लेकीच्या नावानं आंघोळ केली. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांचं नशीब चांगलं. जिवंत माणूस मेलं असं धरायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं, आणि त्यानंतर त्या माणसाचं नाव घरात काढायचं नाही. अडाण्यांतच चालतं असं नाही, चांगली शिकलीसवरलेली माणसं करतात. मला तेव्हा ती बादली धुळाप्पाच्या डोक्यात घालावीशी वाटली होती. अजूनही वाटते.

"तिच्या दारात गेलीस तर परत माज्या दारात यायचं न्हाय," असं त्यानं नागव्वाला सांगून ठेवलं. पिंकीनंही आपला नंबर बदलला. नागव्वा गप्प झाली, पार भाकरीसारखी वाळली. आणि मग दिपाली तो मोबाईल घेऊन आली, तर हीच सगळ्यात आधी त्याच्यापुढं जाऊन बसली. मला नवल वाटलं. मी तिला एकटीला गाठून विचारलं, तशी ती म्हणाली, "अक्का, पिंकीच्या हातात सदानकदा मोबाईल आसायचा. जेवतानाबी. कदी ना कदी दिसंनच की म्या तिला."

त्यानंतर मी रीलबद्दल कटकट करणं कमी केलं.

त्या दिवशी दिपालीचा विषय होता ब्लॉक करणं. तिच्या मैत्रिणीला तिच्या मित्रानं सगळीकडून ब्लॉक केलं होतं, फोनवरून, इन्स्टावरून, अगदी पैसे पाठवायच्या ॲपवरूनसुद्धा. मैत्रीण दोन दिवस जेवली नव्हती.

"एवढ्यासाटी जेवली न्हाय?" मथुराबाई म्हणाली. "येका बोटानं केलंय, येका बोटानं काढंल की."

"काकू, ब्लॉक करणं म्हणजे समोरचा मेला असंच असतं आता."

नागव्वा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही, वरही पाहिलं नाही.

"तुमचं सोप्पं हाय गं पोरींनो," ती म्हणाली. "तुमचं येका बोटानं हुतंय. आमच्यात ब्लॉक करायला बादलीभर पानी लागतंय. आन् सोलापुरात पानी हाय कुटं? आमच्या मालकांनी सांगितलं, पोरगी मेली, आंघोळ करायची. बगितलं तर घरात पिन्याला पानी न्हाय. नळ येनार दोन दिसांनी. मग काय करतेत? दोन दिस पोरीला जित्तं ठिवलं. नळ आल्यावर मारलं."

मथुराबाई फस्सकन हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात दाबला. दिपालीही हसली. मीसुद्धा हसले. ते ज्या पद्धतीनं सांगितलं होतं, त्याला दगडही हसला असता.

पण नागव्वाचं बोलणं संपलं नव्हतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पदराला पुसले आणि पहिल्यांदाच सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

"मला म्हनले, तूबी घी डोक्यावरनं. म्या न्हाय घेतलं. म्हनलं, माज्या पोटातनं आलीया ती, पान्यानं जाती व्हय? लई दिस म्या डोक्याला पानी लावलं न्हाय. चुकून त्यांच्या मनासारखं व्हायला नगं म्हनून. पिंके, म्या न्हाय केली गं आंघोळ. तुज्या अव्वानं न्हाय केली."

तव्यावरची भाकरी मीच उलटली. दिपालीनं डोळे पुसले, मोबाईल उचलला आणि घाईघाईनं ऑफिसला गेली.

संध्याकाळपर्यंत ती रील सगळीकडे झाली होती. आमच्या गल्लीतल्या पोरांनी दाखवली, दूधवाल्यानं दाखवली. लाखो लोकांनी पाहिली म्हणे. मी ती पाहिली आणि माझं डोकं फिरलं. 'नळ आल्यावर मारलं' इथं रील संपत होती. मथुराबाईचं फस्सकन हसणं, त्यावर कुठूनतरी आणून चिकटवलेलं ढॅणढॅण संगीत, आणि संपली. पुढचं काहीच नव्हतं.

"पुढचं कुठं गेलं?" मी दिपालीला दारातच धरलं.

"आई, ते लांब होत होतं. आणि रील हसण्यावर संपवायची असते. रडू आलं की लोक पुढं सरकवतात."

"ती लोकांसाठी बोलत होती का गं?"

दिपालीला खरंच ठाऊक नव्हतं. पिंकीचं नाव तिनं ऐकलं होतं, पण रोज सकाळी त्या कॅमेऱ्यापुढं नागव्वा कुणासाठी बसते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितल्यावर ती तिथंच दारात बसून कापलेला भाग शोधायला लागली.

खाली लोकांनी लिहिलं होतं ते वाचवत नव्हतं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली चित्रं, रांगच्या रांग. 'मावशी रॉक्स.' 'सोलापूरची बादली.' एकानं लिहिलं होतं, 'पाणीकपात बेस्ट आहे, पोरी वाचतात.' नागव्वाला वाचता येत नाही हे त्या दिवशी बरं वाटलं. पण कापलेलं तिला कळलं. मथुराबाईनं तिला रील लावून दाखवली, ती शेवटापर्यंत वाट बघत राहिली आणि रील पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"पुडचं न्हाय व्हय ह्यात?" तिनं विचारलं.

दिपालीनं त्याच रात्री दुसरा भाग टाकला. एक शब्द न कापता, संगीत न लावता. तो कुणी पाहिला नाही. म्हणजे पाहिला असेल काही शेकड्यांनी, पण पहिल्याच्या तुलनेत कुणीच नाही. लोकांना बादली हवी होती. बादलीवर दुसऱ्या पोरींनी रील केल्या, डोक्याला पदर घेऊन, ओठ हलवून, नागव्वाचा आवाज लावून. एका पोरानं तर प्लास्टिकची बादली घेऊन आपल्या मैत्रिणीला ब्लॉक केल्याचं नाटक केलं आणि मैत्रीण बाजूलाच खिदळत उभी होती.

यार्डात धुळाप्पालाही कुणीतरी दाखवली. त्या दिवसापासून तो घरात बोलेना. नागव्वाला त्याचं काही वाटलं नाही. ती रोज सकाळी येऊन दिपालीला एकच विचारायची, "पिंकीनं बगितला आसंल का दुसरा?" दिपाली म्हणायची, कोणी पाहिला ते कळत नाही मावशी, फक्त किती जणांनी ते कळतं. नागव्वा मान हलवायची आणि पिठात हात घालायची. तिच्या भाकरीला चिरा जायला लागल्या. माझ्या शेडमध्ये तिची भाकरी कधी फाटली नव्हती.

शेवटी तीच म्हणाली, "अक्का, म्या नातेपुत्याला जातीया. मालक परत घरात घेतील न घेतील. पिंकीला वाटत आसंल, अव्वानं माजं मरन लोकास्नी हसायला वाटलं. तिला तोंडानं सांगितल्याबिगर मला घास जायचा न्हाय. तू येतीस का?"

मी गेले. तिला एकटीला कशी सोडू?

सकाळची एसटी होती. नागव्वानं नवं इरकली लुगडं नेसलं होतं, मांडीवर कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीची पुडी धरली होती. पंढरपूरपर्यंत तिनं ती खाली ठेवली नाही. पुढं वेळापूरला कॉलेजच्या पोरी चढल्या आणि त्यातल्या एकीनं मागं वळून पाहिलं.

"अगं, बादलीवाल्या मावशी!"

झालं. चार-पाच जणी आमच्या सीटभोवती गोळा झाल्या. मोबाईल निघाले. "मावशी, एकदा म्हणा ना ते. नळ आल्यावर मारलं. प्लीज, एकदाच." पोरी वाईट नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं. त्यामुळंच जास्त वाईट वाटलं.

नागव्वानं पदर पुढं ओढला. "ती म्या न्हवं, बायांनो," ती म्हणाली. "माज्यासारकी दिसती आसंल."

"पण आवाज तोच आहे!"

"सरका आता, बास झालं," मी खेकसले, तेव्हा कुठं त्या मागं गेल्या. मागं जाऊनही कुजबुजत होत्या. नागव्वा खिडकीकडे तोंड करून बसली. तिचा कान लाल झाला होता.

"अक्का," थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "त्या बाईची मला लाज वाटती गं."

"कोणत्या बाईची?"

"मोबाईलातल्या."

मी तिचा हात धरून बसले.

नातेपुत्याला उतरल्यावर खताचं दुकान लगेच सापडलं. दुकानातल्या माणसानं घर दाखवलं. मागच्या गल्लीत, पुढं छोटं अंगण, कडेला शेवग्याचं झाड. दाराला तोरण होतं, उंबऱ्याला हळदीकुंकू. लेकीचा संसार नीट आहे, एवढं त्या उंबऱ्यावरून कळत होतं. नागव्वानं ते सगळं डोळ्यांत भरून घेतलं आणि मग कडी वाजवली.

दार पिंकीनं उघडलं. अंगानं जरा भरली होती, बाकी तीच. आईला पाहून ती जागच्या जागी उभी राहिली. मला वाटलं, आता ही गळ्यात पडणार. तसं झालं नाही, पण तिनं दार पूर्ण उघडलं, आणि "बसा, पानी आनते," एवढं कसंबसं म्हणून आत वळली. आम्ही अंगणातल्या कट्ट्यावर बसलो. तिनं दार पूर्ण उघडलं होतं, ही गोष्ट मी आजही विसरत नाही.

तेवढ्यात आतून एक चिमुरडी आली. असेल चार वर्षांची. हातात मोबाईल. तिचं कपाळ, भुवया, सगळं नागव्वाचं. नागव्वाला नात आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या तोंडून "आगं बया" एवढंच निघालं आणि तिचे हात आपोआप पुढं झाले.

पोरगी मात्र जवळ आली नाही. थोडं अंतर ठेवून तिनं नागव्वाकडे पाहिलं, मग मोबाईलकडे पाहिलं, मग पुन्हा नागव्वाकडे.

"तू बादलीवाली आजी हायस का?"

नागव्वाचे पुढं केलेले हात तसेच राहिले. तिचा चेहरा मी पाहिला. एसटीतल्या पोरी, गल्लीतली पोरं, यार्डातली माणसं, ती सगळी तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली असणार. जगाला हसायला मिळालेली ती बाई आपल्या नातीच्या मोबाईलमध्येही पोचली होती. नातीपुढं तरी तिला ती बाई व्हायचं नव्हतं.

"न्हाय गं माजे बाय," ती म्हणाली. "ती म्या न्हवं."

"न्हवं?"

"न्हाय. ती येगळी कुनीतरी हाय."

पोरीचा चेहरा उतरला. तिनं थोडा विचार केला.

"मग तू कुनाची आजी हायस?"

पोरीनं मोबाईल तिच्यापुढं धरला. पडद्यावर नागव्वाच होती, पदराला हात पुसत, सरळ समोर बघत.

"ही माजी आजी हाय. मम्मी म्हनती. रोज दाकवती मला झोपताना. ही सोलापूरला ऱ्हाती आन् भाकरी करती आन् एक दिवस येनार हाय."

मी पडद्याकडे नीट पाहिलं. तो पहिला भाग नव्हता. तो दुसरा होता.

दारात पिंकी उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, वर दोन पेले. कधीपासून उभी होती कोण जाणे, पण तिनं ऐकायचं ते सगळं ऐकलं होतं.

"मम्मी," पोरगी तिच्याकडे पळाली, "ही आजी न्हाय आपली. तीच म्हनती, म्या न्हवं."

"पिंके!" नागव्वा धडपडत उठली. भाकरीची चवड मांडीवरून खाली पडली आणि कडाकडा मोडली. "पिंके, तसं न्हाय गं. म्याच हाय. म्या हिला... मला लाज वाटली गं त्या बादलीची. म्हनून म्हनले. तू पुडचं बगितलं न्हाईस का, म्या आंघोळ केली न्हाय, म्या तितं..."

"बगितलं," पिंकी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पयला बगितला त्या दिशी लई रडले. म्हनलं, संपलं. मग दुसरा आला. तो इतक्या येळा बगितला की पोरीला पाट झाला. तवाच तिला सांगितलं, ही तुजी आजी. ह्यांनाबी सांगितलं, दिवाळीला सोलापूरला जायचं, अण्णा दारात उबं करू देत न करू देत, अव्वा हाय म्हनून." पोरगी तिच्या पायाला बिलगली होती. "अण्णांनी केलं ते मला कळतं. त्यांनी बादली घेतली, पान्याची वाट बगितली, सगळं केलं. तुला दोन शब्द पुरले."

"पिंकी, मी सांगते तुला," मी मध्ये पडले. "एसटीत पोरींनी तिला इतकं छळलं..."

"मावशी, तुमी नगा बोलू." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "अव्वा, मोबाईलात तू लई चांगलं बोलतीस. दारात आल्यावर येवडंच विचारलं हुतं पोरीनं. व्हय म्हनायचं हुतं नुसतं."

तिनं तांब्या आणि पेले कट्ट्यावर ठेवले, पोरीला कडेवर घेतलं. पोरगी मागं वळून आमच्याकडे बघत होती. आत जाता जाता ती आईला विचारत होती, मग आपली आजी कधी येणार? पिंकीनं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. दार लागलं. आपटलं नाही, हळूच लागलं.

आम्ही बराच वेळ तिथं बसून राहिलो. मी दोनदा कडी वाजवली. दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा आतून पिंकीच्या रडण्याचा आवाज आला, तशी नागव्वानं माझा हात खाली घेतला. "ऱ्हाऊ दे, अक्का. पोरगी घाबरंल." मग तिनं खाली वाकून मोडलेल्या भाकरीचे तुकडे पदरात गोळा केले, दारात कचरा नको म्हणून. चटणीची पुडी तेवढी कट्ट्यावर ठेवली. पाणी आम्ही दोघीही प्यायलो. लेकीच्या घरचं पाणी म्हणून तिनं पेल्यात थेंब ठेवला नाही.

येताना ती रडली नाही. मीच रडत होते आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

धुळाप्पानं तिला घरात घेतलं. न घेऊन सांगतो कुणाला, त्याला भाकरी कोण करून घालणार? पण ती कुठं गेली होती आणि काय झालं, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामाला आली. मी मथुराबाईला आणि दिपालीला सगळं सांगून ठेवलं होतं. मथुराबाई, जिचं तोंड मेल्यावरच बंद होईल असं आम्हाला वाटायचं, ती गुपचूप पीठ मळत होती. दिपालीचे डोळे सुजलेले होते. तिनं स्टँड आणला नव्हता. नागव्वाच्या शेजारी उकिडवी बसून ती म्हणाली, "मावशी, मी ती बादलीची रील काढून टाकते. आत्ता, तुमच्यासमोर. दुसऱ्यांनी केल्यात त्यांनाही काढा म्हणून कळवते. आणि तो दुसरा भागही, तुम्ही म्हणाल तर काढते. कुठंच तुमचं तोंड दिसणार नाही."

नागव्वानं तिचा मोबाईल धरलेला हात घट्ट पकडला. पिठाची बोटं दिपालीच्या मनगटावर उमटली.

"नगं गं," ती म्हणाली. "येकबी काढू नगं. हसू देत लोकं, हसायचं तेवडं. ती पोरगी झोपताना बगती. तितं तरी म्या तिची आजी हाय."